परसातला बिटका

प्रश्न : गुहागरजवळ आमचं घर आहे. परसात सासूबाईंनी कोयीपासून वाढवलेला बिटका, म्हणजे लहान फळांचा रायवळ आंबा होता. परवा रात्रीच्या वाऱ्यात तो आडवा झाला. बुंधा आतून पोकळ निघाला. एका अंगाची मुळं अजून मातीत आहेत, तिकडच्या फांद्या हिरव्या आहेत. यजमान म्हणतात, त्याच खड्ड्यात हापूस लावू. मुलाला चिकू हवा. मला काहीच सुचत नाही. काय लावावं?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, हिरव्या फांद्यांचं वाचलं आणि तुम्हाला आधी फोनच केला. अंक हाती पडेस्तोवर कलमासाठी घ्यायच्या काड्या सुकल्या असत्या. बोलणं झालंच आहे, इतरांसाठी पुन्हा लिहिते.

तुमचा बिटका पुरता गेलेला नाही. हिरव्या अंगाच्या शेंड्यांवरून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार महिन्यांच्या काड्या घ्या. टोकाचा डोळा फुगीर हवा. पानं देठ ठेवून छाटा, काड्या ओल्या फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी कलमं बांधणाऱ्याकडे न्या. काडी ज्यावर बांधायची त्या रोपासाठी उकिरड्यावर रुजलेल्या कोयीही चालतात. रोप पंधरा-वीस दिवसांचं, पानं तांबूस असतानाच त्यावर कोय कलम बांधतात. एक काडी नेऊ नका, दहा न्या. इतकी वर्षं बांधतेय, तरी माझ्याही हातची दहातली तीन-चार मरतात.

कोय रुजवून तोच आंबा मिळेल, या भरवशावर राहू नका. कोयीचं झाड आईसारखं निघेलच असं नाही. कलम मात्र तेच झाड. रायत्याला तीच चव.

हापूसबद्दल यजमानांना माझ्यातर्फे सांगा, पेटी बाजारात मिळते. तुमच्या सासूबाईंचा बिटका कुठे मिळणार? हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो, वर साक्याची, म्हणजे आतला गर पांढरट-आंबट निघण्याची कटकट. हौसच असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रत्ना’ लावा, १९८१ सालचा, नीलम आणि हापूसच्या संकरातला. साका धरत नाही.

त्याच खड्ड्यात मात्र काहीच नको. हा मूर्खपणा मी स्वतः केलाय. पडलेल्या फणसाच्या जागी घाईने कलम लावलं. खाली कुजत्या मुळांना वाळवी लागली होती, दिवाळीपर्यंत कलमही फस्त. दहा-बारा फूट सरकून, घरापासून वीस फूट सोडून जागा धरा. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा उन्हाळ्यात काढून तापू द्या, कलम पुढच्या मृगाला लावा. काडी आणि रोपाचा सांधा मातीच्या वर राहू दे. सांध्याखाली फूट आली की खुडायची, नाहीतर खालचं रानटी रोपच वाढत बसतं. पहिली तीन वर्षं मोहोर काढून टाका. जिवावर येतं, पण काढा.

पोकळ बुंधा बहुधा भिरुडाचं, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीचं काम. खोडाशी भुसा पडत होता का, विचारलं तर तुम्ही म्हणालात, ‘हो, मुंग्यांचा असेल म्हणून झाडत होते.’ नव्या कलमाशी असा भुसा दिसला तर झाडू नका. भोकात तार घालून अळी मारा, पेट्रोलचा बोळा कोंबा, वर चिखल लिंपा.

चिकू विहिरीकडे लावा, मुलाचंही मन राहील. रात्री वटवाघळं येतील, ती त्याची त्याने हाकलावीत.