रद्द झाला तो प्रकल्प, नदी अजून वाचायची आहे

नद्या आणि धरणांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : समुद्रात जाणारं गोडं पाणी वायाच जातं. ते अडवू नका म्हणणं हा चोचला नाही का?

हा प्रश्न आला नाही असा महिना जात नाही. पाण्याबरोबर नदी गाळ आणि वाळूही नेत असते, मुखाशी जमीन रचत असते. नाइलवरचं आस्वानचं उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झालं आणि जवळपास सगळा गाळ त्यामागे अडकला. त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊ लागला. मुखाजवळची सार्डिनची मासेमारी तर पूर अडताच कोसळली. धरणाने वीज दिली, शेतीला बारमाही पाणी दिलं, हे मान्यच. पण आधीचं पाणी वाया जात होतं असं त्या कोळ्यांना तरी सांगू नका.

प्रश्न : आमच्या खोऱ्यातला प्रकल्प 'रन ऑफ द रिव्हर' आहे. मोठा जलाशय नाही, गाव बुडत नाही. मग हरकत कशाला?

नावावर जाऊ नका. अशा अनेक प्रकल्पांत आडवा बंधारा घालून पाणी बोगद्यात वळवतात आणि वीजघरातून काही किलोमीटर खाली पुन्हा नदीत सोडतात. मधल्या पट्ट्यात काय उरतं? अशा एका पट्ट्यातून मी चालले आहे. गोटे पांढरे पडलेले, त्यांवर वाळलेल्या शेवाळाची पापडी, आणि एका खळग्यातल्या वीतभर पाण्यात बोटाएवढे मासे एकमेकांवर रेटत होते. कागदावर 'किमान प्रवाह' सोडलेला होता!

दुसरं दुखणं रोजचं आहे. विजेची मागणी संध्याकाळी वाढते. त्यासाठी दिवसा पाणी धरून ठेवलं आणि दोन-चार तासांत सोडलं, की नदीला रोजची भरती-ओहोटी लागते. पाण्यातले कितीतरी कीटक काठच्या दगडांना, पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटवतात. पाणी उतरलं की ती उघडी पडून सुकतात. मग कीटक कमी, त्यांवर जगणारे मासे कमी, पक्षी आणि वटवाघळंही कमी. कोलोराडो नदीवरचं ग्लेन कॅन्यन हे मोठं धरण, पण दुखणं हेच. तिथे २०१८ च्या उन्हाळ्यात साधा प्रयोग केला गेला. शनिवार-रविवार विसर्ग कमी आणि एकसारखा ठेवायचा, म्हणजे त्या दोन दिवसांत घातलेली अंडी नंतरही पाण्याखाली राहतील.

तेव्हा कंपनीला विचारा, कोरडा पट्टा किती लांब असेल आणि दर तासाचा विसर्ग जाहीर करणार का. याच नदीवर आणखी किती प्रकल्प रांगेत आहेत हेही विचारा. एकेका प्रकल्पाचा अहवाल निरुपद्रवी वाटतो. ते ओळीने मांडले की नदीच शिल्लक राहत नाही.

प्रश्न : माशांसाठी शिडी बांधली तर?

शिडी म्हणजे माशांना धरण चढून जाता यावं म्हणून केलेल्या पाण्याच्या पायऱ्या. उड्या मारणाऱ्या सॅमन माशांना ती काही ठिकाणी उपयोगी पडते, बाकीच्या बहुतेकांना फारशी नाही. शिवाय प्रवाहावर तरंगत खाली जाणारी अंडी जलाशयाच्या संथ पाण्यात तळाला बसतात. यांग्त्झीवरच्या गेझौबा धरणाने १९८१ मध्ये तिथल्या पॅडलफिश या माशाची वर जायची वाट बंद केली. अतिमासेमारीही होतीच. २०२२ मध्ये ती जात नामशेष जाहीर झाली.

प्रश्न : आंदोलनामुळे आमच्या नदीवरचं धरण रद्द झालं. आता समिती बरखास्त करावी का?

मुळीच नको. रद्द झाला तो प्रकल्प. उतार, पाणी आणि दरी जागेवरच आहेत. केरळात कुंतिपुळा नदीवरचा सायलेंट व्हॅली प्रकल्प १९८३ मध्ये गुंडाळला गेला, पुढच्या वर्षी तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. तरी २००० नंतर त्याच नदीवर, उद्यानाच्या हद्दीबाहेर थोडं खाली, पात्रक्कडवु नावाचा नवा प्रस्ताव आलाच. उद्यानाने जंगल राखलं, नदीचा खालचा भाग संरक्षणाबाहेर राहिला.

म्हणून संरक्षण नदीच्या नावावर हवं. अमेरिकेत १९६८ मध्ये तसा कायदा झाला, आरंभी ८ नद्यांसाठी. त्यात नोंदवलेल्या पट्ट्यावर जलविद्युत धरणाला केंद्रीय परवाना मिळत नाही. स्वीडनने टॉर्ने, कालिक्स, पिटे आणि विंडेल या चार नद्यांना 'राष्ट्रीय नद्या' ठरवून मोठ्या वीजप्रकल्पांपासून दूर ठेवलं. अल्बानियातली व्योसा नदी मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली, तीही मुख्य उपनद्यांसह. हे शेवटचे दोन शब्द तुमच्या मागणीपत्रात आलेच पाहिजेत. मुख्य नदी राखून उपनद्या अडवल्या, तर गाळ आणि अंडी घालायच्या जागा दोन्ही जातात.

समितीने आता नकाशा करावा. भर उन्हाळ्यात पाणी टिकणारे डोह कुठले, मासे कुठे चढतात, वाळू कुठे साचते, हे कोळ्यांना विचारून तारखांसह नोंदवा. प्रकल्प जनसुनावणीपर्यंत आला की निम्मी लढाई हातची गेलेली असते.

प्रश्न : आमच्याकडे धरण झालंच आहे. उशीर झाला का?

नेहमीच नाही. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार जुनी धरणं पाडण्याचं काम २०२४ मध्ये पूर्ण झालं, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सॅमन त्यांच्या जागा ओलांडून वर पोचले. पण पाडणं फार पुढची गोष्ट. तुमच्या धरणाखाली एखादी न अडवलेली उपनदी येऊन मिळते का, ते मला कळवा. मिळत असेल तर पहिलं काम तिथे आहे.