तीन पिढ्यांच्या कादंबरीसाठी फुकटातलं काय वापरावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन पिढ्यांची कथा, चाळीसेक पात्रं, वहीत बावीस प्रकरणं लिहून झालीत, आणि आता कोण कधी जन्मलं, कोण कुठे गेलं याचा मेळ लागत नाही. पैसे न भरता ऑनलाइन काय वापरावं?

माझं उत्तर ऐकून कदाचित हिरमोड होईल. गूगल शीट्स, म्हणजे गूगलचा ऑनलाइन तक्ता. ‘कादंबरीकारांसाठी खास’ म्हणवणाऱ्या साइट्सही मी वापरल्यात. तिथे पात्राच्या डोळ्यांचा रंग, आवडतं जेवण, बालपणीची भीती असले चाळीस रकाने भरता भरता दोन महिने गेले आणि कादंबरीचं पान एकही झालं नाही. वर त्यातली एक साइट नंतर बंद पडली, सगळे तक्ते तिच्याबरोबर गेले. तेव्हापासून माल आपल्या हातात काढून घेता येतो का, हे मी आधी बघतो.

शीटमध्ये एका प्रसंगाला एक ओळ. प्रकरणाला नव्हे, प्रसंगाला. रकाने मोजकेच: प्रसंगाचा क्रमांक, तारीख किंवा निदान वर्ष, ठिकाण, कुणाच्या नजरेतून, कोण कोण हजर, काय घडतं (एका वाक्यात), आणि बाहेर जगात तेव्हा काय चाललंय. दुसऱ्या पानावर पात्रांची नावं आणि जन्मवर्षं. मग प्रसंगाच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करायचं साधं सूत्र टाकलं की प्रत्येकाचं त्या वेळचं वय समोर येतं.

हे वयाचं प्रकरण मी पोळल्यामुळे सांगतोय. माझ्या कादंबरीतला नाना पानशेतचं धरण फुटलं त्या वर्षी, म्हणजे १९६१ साली जन्मलेला. पाचव्या प्रकरणात कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे हाच नाना आजीला पाठुंगळी मारून घराबाहेर पळतो. भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. नाना सहा वर्षांचा! चार वेळा वाचूनही मला दिसलं नव्हतं, कच्चा खर्डा वाचणाऱ्या मित्राने फोन करून विचारलं, “आजी केवढीशी होती रे?”

पूर्ण तारीख टाकलीत तर शीट वारही काढून देतं. माझा रविवारचा आठवडी बाजार तारखेप्रमाणे बुधवारी भरत होता. आणि ‘बाहेर काय चाललंय’ हा रकाना नुसता चुका पकडायला नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक रात्री उशिरा झोपलेले. हे दोन्ही एका ओळीत लिहिलं की प्रसंग निम्मा तिथेच उभा राहतो.

आता आपल्या भाषेची एक गोची, जी इंग्रजी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. पात्राचं नाव गोदा असेल तर मजकुरात ती गोदेला, गोदेनं, गोदेच्या अशी येते. ‘गोदा’ शोधलंत तर यातलं काही सापडत नाही, आणि तुम्हाला वाटतं बाई सहाव्या प्रकरणानंतर गायबच झाली. म्हणून ‘कोण हजर’ या रकान्यात नाव कायम मूळ रूपात लिहा आणि त्यावर फिल्टर लावा, म्हणजे फक्त त्या नावाच्या ओळी दिसतील. मास्तर, सर, बापू ही एकाच माणसाची नावं असतील तर त्यातलं एकच पक्कं करा.

प्रत्यक्ष लेखन गूगल डॉक्समध्ये. प्रकरणाला ‘हेडिंग १’, प्रसंगाला ‘हेडिंग २’ द्या, डाव्या बाजूला आराखडा आपोआप तयार होतो. मोठी काटछाट करण्याआधी व्हर्जन हिस्टरीत (जुन्या आवृत्त्यांच्या यादीत) त्या आवृत्तीला नाव देऊन ठेवा. ‘आत्याचं मरण काढण्यापूर्वी’ असलं नाव महिन्याभराने फार उपयोगी पडतं. वहीतलं उतरवायला मराठीत व्हॉइस टायपिंग (बोललेलं टाइप होणं) आहे, पूर्णविराम मात्र स्वतः द्यावे लागतात. सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या देवनागरीत ठेवा. जुन्या फॉन्टातली फाइल इथे चिकटवलीत तर नुसती चिन्हं दिसतील.

वंशावळीसाठी ड्रॉ डॉट आयओ, ही आकृत्या काढायची साइट. खातं उघडावं लागत नाही, फाइल थेट गूगल ड्राइव्हवर ठेवता येते. ट्रेलो हा कार्डांचा ऑनलाइन फलक, कार्डं सरकवायला छान, पण चाळीस पात्रांची गर्दी झाली की फोनवर नुसतं बोट सरकवत बसावं लागतं. ऑब्सिडियन हे नोंदी ठेवायचं ॲप मला मनापासून आवडतं. दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिलं की त्या पात्राची नोंद जोडली जाते, फाइली आपल्याच संगणकावर साध्या मजकुरात राहतात. पण फोन आणि संगणकावर फाइली सारख्या ठेवणारी त्याची अधिकृत सिंक सेवा पैसे घेते, आणि शिकण्यात वेळ जातो. कादंबरी अर्ध्यावर असताना त्याच्या नादी लागू नका.

आधी बावीस प्रकरणांच्या ओळी भरा, दोन-तीन रविवार लागतील. मग प्रत्येक पात्राला फिल्टर लावून बघा, काहीजण एकाच प्रसंगापुरते येऊन गेलेले दिसतील. माझ्याकडे असे तीन चुलते निघाले. दोघांना एक केलं. तिसऱ्याला मुंबईच्या गिरणीत पाठवलं, तिथून तो फक्त मनीऑर्डर पाठवतो.