वाचकांचे प्रश्न: कलमांचे शेंडे हरणं खातायत, काय करू?

प्रश्न: फळझाडांची कलमं मस्त फुटली होती आणि एका रात्रीत निम्म्यांचे शेंडे गायब, तेही कंबरेच्या वरचे. घरातले म्हणतात ससा, मी म्हणते हरीण. झाडं वाचतील का?

उत्तर: ताई, खाल्लेली काडी हातात घेऊन टोक बघा. सशाने खाल्लं असेल तर काप तिरका आणि ब्लेडने मारल्यासारखा साफ असतो, आणि ससा कंबरेपर्यंत पोचणार कसा. हरणाला वरचे पुढचे दातच नसतात, त्यामुळे ते खालचे दात आणि वरची हिरडी यांत कोंब धरतं आणि हिसका देऊन तोडतं, म्हणून टोक फाटकं, धागे लोंबणारं राहतं. शेळीचंही तसंच असतं बरं का, तेव्हा आजूबाजूला मोकळ्या शेळ्या चरत असतील तर आधी तो संशय फेडून घ्या.

नुसते शेंडे गेले असतील तर बहुतेक झाडं वाचतात. फाटलेलं टोक खालच्या चांगल्या डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो ती जागा) थोडं वर कात्रीने साफ कापा. मग नवे कोंब आले की ते कलमाच्या जोडाच्या वरून आलेत की खालून हे बघा, खालचे सगळे खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचे असतात, ते लहान असतानाच काढून टाका, नाहीतर पुढे भलतंच झाड वाढवत बसाल. आणि आता झाड लवकर भरावं म्हणून युरिया ओतू नका प्लीज, कोवळी लुसलुशीत फूट म्हणजे हरणांना परत आमंत्रणच, आधी संरक्षण करा मग खत.

प्रश्न: साबण लटकवा, केस टाका, अंड्याचं पाणी फवारा, जुन्या सीडी बांधा, जो भेटेल तो वेगळं सांगतो. नक्की काय चालतं? माझी २० झाडं आहेत.

उत्तर: जाळी चालते. बाकीचं सगळं जाळी येईपर्यंतची सोय आहे असं समजा. वासाचे उपाय अगदीच खोटे नाहीत, अंड्याचा फवारा त्यातल्या त्यात बरा, पण तो ज्या पानावर बसला तेवढंच पान वाचवतो, पुढच्या आठवड्यात फुटलेल्या कोंबावर काहीच नसतं, पाऊस आला की धुऊन जातं, आणि दुसरीकडे चारा संपला की भुकेलं हरीण वासाबिसाला जुमानत नाही. साबणाचा परिणाम त्या वडीच्या आसपास तेवढाच. सीडी, रेडिओ, लुकलुकणारे दिवे यांची त्यांना लवकरच सवय होते, मग तुम्हालाच झोप लागत नाही.

तर प्रत्येक झाडाला वेल्डमेश जाळीचा गोल करा, उंची ५ ते ६ फूट, रुंदी ४ फूट. जाळी झाडाला बांधायची नाही, बाहेर दोन-तीन खुंट्या पक्क्या ठोकून त्यांना बांधायची आणि खालची कडाही जमिनीला अडकवायची, कारण हरीण डोक्याने ढकलून बघतं. एका बाजूचा जोड उघडता येईल असा ठेवा, तण कोण काढणार मग? ससेही असतील तर खालच्या २ फुटांना बारीक जाळी लावा. जाळीबाहेर आलेली फांदी ते खाणारच, ती फुकटची छाटणी समजा.

आता हिशोब. ४ फूट रुंद गोलाला साधारण १२.५ फूट जाळी लागते, म्हणजे २० झाडांना २५० फूट. तीच झाडं एकमेकांपासून २० फुटांवर, पाच-पाचच्या चार ओळींत असतील तर बागेभोवती फिरायला ३६० फूट, आणि ते कुंपण उंचही जास्त लागणार. म्हणून तुम्हाला गोलच परवडतील. १०० झाडं असती तर उलटं सांगितलं असतं, तिथे गोलांना १,२५० फूट जातात आणि बाहेरून ८०० फुटांत काम होतं.

प्रश्न: पूर्ण बागेला कुंपण घालतोय, किती उंच ठेवू? तारेत घरातला करंट सोडला तर चालेल का?

उत्तर: नाही, नाही आणि नाही. घरातला करंट तारेत सोडला की हरणाआधी माणूस किंवा कुत्रा मरतो. झटका मशीनच वापरा, ते क्षणभराचे झटके थांबून थांबून देतं. हरणाच्या अंगावर केस असल्यामुळे अंगाला झटका नीट लागत नाही, नाकाला लागला तरच ते धडा घेतं, शिवाय बारीक तार त्याला दिसत नाही आणि ते पळत येऊन तोडून जातं, म्हणून तारेवर मध्ये मध्ये पट्ट्या बांधा.

साध्या जाळीच्या कुंपणाला ८ फूट धरा, मोठी हरणं त्याखालचं उडी मारून येतात. आणि सगळेजण उंचीच बघतात, खाली कोणी बघत नाही! वाकून जाता आलं तर हरीण उडी मारायच्या भानगडीत पडत नाही, तेव्हा जमिनीलगत वीतभरसुद्धा फट नको.

प्रश्न: पानं शाबूत आहेत पण खोडाची साल उभी सोललीय. हेही हरीणच?

उत्तर: नर असणार, शिंगं घासतो. साल एका बाजूची गेली असेल तर लोंबणारे तुकडे धारदार चाकूने काढून कडा साफ करा आणि जखम उघडी राहू द्या, रंगबिंग लावू नका. पण साल चहूबाजूंनी गेली असेल तर पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत जात नाही, झाड काही दिवस हिरवं दिसतं आणि मग वाळतं. अशा वेळी कलमं बांधणाऱ्या जाणकाराला बोलवा, जखमेच्या वरखाली काड्या जोडून पूल-कलम करता येतं, मात्र उशीर नको. बाकीच्या झाडांच्या खोडाला आजच जाळी गुंडाळा, सैल, आणि खोड जाड होईल तशी ती आणखी सैल करत जा.