फ्रान्समधलं टेकडीवरचं एकच जुनं गाव बघायचं असेल, तर कोणतं?

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातली गावं फोटोत जास्त देखणी दिसतात. पण तुम्ही ‘जिथे खरोखर इतिहास घडला असं गाव’ विचारलंय, म्हणून मी वेझले सांगेन.

बर्गंडीतलं हे गाव जेमतेम चारशे वस्तीचं. चढणीचा एक रस्ता, दुतर्फा दगडी घरं आणि माथ्यावर गावाला न शोभणारं अवाढव्य चर्च. एवढ्याशा गावात एवढं चर्च कशाला? तर अकराव्या शतकात इथल्या मठानं जाहीर केलं, की येशूची शिष्या मेरी मॅग्डालीन हिच्या अस्थी आपल्याकडे आहेत. झालं, यात्रेकरूंची रीघ लागली. पैसा आला तसे तंटेही आले: मठाच्या करांना वैतागलेल्या लोकांनी ११०६ मध्ये मठाधिपतीचा चक्क खून केला. ११४६ च्या ईस्टरला बर्नार्ड या साधूनं दुसऱ्या क्रुसेडची, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाची, हाक दिली तीही इथेच. गर्दी इतकी, की सभा बाहेर उतारावर घ्यावी लागली.

मग १२७९ मध्ये प्रोव्हान्समधल्या सँ-मॅक्सिमँचे लोक म्हणाले, खऱ्या अस्थी आमच्याकडे. १२९५ मध्ये पोपनंही त्यांचीच बाजू घेतली आणि वेझलेची बरकत ओसरली. फ्रेंच राज्यक्रांतीत दर्शनी भागावरची शिल्पं फोडली गेली. १८३४ मध्ये जुन्या वास्तूंचा सरकारी निरीक्षक प्रोस्पेर मेरिमे आला, तेव्हा चर्च पडायला टेकलं होतं. १८४० मध्ये दुरुस्तीचं काम मिळालं ते व्हियोले-ल-द्युक या २६ वर्षांच्या वास्तुरचनाकार पोराला. ते १८५९ पर्यंत चाललं.

म्हणून बाहेरच्या दारावरच्या शिल्पांपुढे फार रेंगाळू नका, ती एकोणिसाव्या शतकातली आहेत. आतल्या देवडीत जा. तिथल्या मधल्या दारावरचं शिल्प ११३० च्या आसपासचं, अस्सल. मध्ये येशू, त्याच्या बोटांतून शिष्यांकडे जाणारे किरण आणि कडेनं जगाच्या टोकाला राहणारी माणसं: सुपाएवढ्या कानांची, कुत्र्याच्या तोंडाची, शिडी लावून घोड्यावर चढणारा बुटका. ही श्वानमुखी मंडळी भारतातल्या डोंगरांत राहतात, असं प्राचीन ग्रीकांपासून युरोपात लिहिलं जात होतं. म्हणजे त्या कमानीवर आपलीही हजेरी लागलीय म्हणायची!

आपला आणखी एक धागा, हा जरा बऱ्यापैकी सन्मानाचा. गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रं लिहिणारे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ १९३८ मध्ये इथे राहायला आले आणि १९४४ च्या डिसेंबरात इथेच वारले. (गांधीजी त्यांना १९३१ मध्ये भेटले ते स्वित्झर्लंडमध्ये, इथे नव्हे.) त्यांच्या घरात आता झेर्व्होस हे आधुनिक कलेचं संग्रहालय आहे, पिकासो, कँडिन्स्की यांसारख्या चित्रकारांची कामं तिथे निवांत बघता येतात. हिवाळ्यात ते बंद असतं, तेव्हा तारखा बघूनच जा.