पहाटे स्कूटरवरून सिंहगडाला जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं. डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घालायला का लावल्या?

दोष मेंदूत आहे की नसेत, याचा अंदाज आठ्यांवरून येतो म्हणून. चेहरा हलवते ती मेंदूच्या 12 जोड्यांपैकी सातवी नस. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. त्यामुळे पक्षाघातात तोंड वाकडं झालं तरी आठ्या बहुधा पडतात. नसच सुजली, तर कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडतो, डोळाही मिटत नाही. ही बेल्स पाल्सी. कानाजवळच्या हाडातल्या अरुंद वाटेतून जाताना सुजलेली नस आवळली जाते.

जिभेच्या पुढच्या भागाची चवही याच नसेकडे. शिवाय कानातला एक चिमुकला स्नायू, जो मोठे आवाज बोथट करतो. तो थकला की हॉर्न असह्य होतात (पुण्यात हे लक्षण ओळखणं कठीणच!).

गार वाऱ्याला सगळेच दोष देतात, पण जास्त संशय नागिणीच्या कुळातल्या विषाणूंवर आहे. स्टेरॉइड 72 तासांच्या आत सुरू झालेली बरी. डोळा नीट मिटू लागेपर्यंत त्यात थेंब घाला, रात्री पापणी टेप लावून मिटवा. बहुतेक जण काही आठवड्यांत-महिन्यांत बरे होतात. हात-पाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र आठ्या बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.