दार बेंगळुरूचं, अर्ज मुंबईला

प्रश्न: मी चंदगड तालुक्यातली. माझा धाकटा भाऊ खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय. गुन्हा बेळगाव जिल्ह्यात घडला, शिक्षा बेळगावच्या सेशन कोर्टाने दिली, कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात अपील फेटाळलं. तो बेळगावच्या हिंडलगा जेलमध्ये आहे. पकडल्यापासून 13 वर्षं 8 महिने झाले, मध्ये वडील वारले तेव्हा 30 दिवस पॅरोलवर आला होता. महाराष्ट्राच्या राज्यपालांना दयेचा अर्ज केला, तर "विषय या राज्याच्या अखत्यारीत नाही" असं उत्तर आलं. आता एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, राज्यपालांकडे आतून वशिला आहे, दोन लाखांत सही आणतो. 20 हजार मोबाइलवरून दिलेत. बाकीचे देऊ का?

उत्तर: ताई, एक रुपयाही देऊ नका. जे उत्तर आलंय ते बरोबर आहे, आणि ते वाचून त्या गृहस्थांना गप्प बसावं लागायला हवं होतं.

तुमचा पत्ता कोल्हापूर जिल्ह्याचा, म्हणून तुम्ही मुंबईला अर्ज केलात. पण शिक्षामाफीत कैद्याचं गाव कुठलं, हे कोणी विचारत नाही. ज्या राज्यातल्या कोर्टाने शिक्षा दिली, त्या राज्याचं सरकार निर्णय घेतं. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो प्रकरणात जानेवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच पुन्हा सांगितलं. गुन्हा गुजरातमधला, कैदीही तिथलेच, पण खटला मुंबईत चालला, म्हणून गुजरात सरकारने दिलेली माफी रद्द झाली. उद्या भावाला हिंडलग्यातून कोल्हापूरच्या कळंबा जेलला आणलंत, तरी फाइल बेंगळुरूला, कर्नाटक सरकारकडेच जाईल.

आता चंदगडच्या माणसाला हे विचित्र वाटणारच. तुमच्या आजोबांच्या काळी चंदगड हा बेळगाव जिल्ह्यातलाच तालुका होता आणि दोन्हींवर मुंबईचे राज्यपाल होते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि त्यातला एकटा चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. बाजार बेळगावचा, सातबारा कोल्हापूरचा. तुमच्या भावाचा अर्ज नेमका त्या रेषेवर अडकलाय.

वशिल्याचं म्हणाल, तर राज्यघटनेच्या कलम 161 ने राज्यपालांना माफीचा अधिकार दिलाय हे खरं. पण तो ते स्वतःच्या मर्जीने वापरत नाहीत. मंत्रिमंडळ सल्ला देतं, त्यावर सही होते. हे सुप्रीम कोर्टात मारू राम खटल्यात 1980 मध्येच ठरलं. राजीव गांधी हत्येतला कैदी पेरारिवलन याच्या प्रकरणात तमिळनाडूच्या मंत्रिमंडळाने 2018 मध्ये सुटकेची शिफारस केली, राज्यपालांनी ती दोन वर्षांहून जास्त ठेवून घेतली आणि मग राष्ट्रपतींकडे पाठवली. शेवटी 18 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं आणि मंत्रिमंडळाचा सल्ला राज्यपालांवर बंधनकारक असल्याचं बजावलं. तेव्हा "आतून सही" हा प्रकार नसतो, आणि असं सांगणारा माणूस तुम्हाला फसवतोय.

लोकांच्या डोक्यात अजून नानावटी (पत्नीच्या प्रियकराचा खून करणारे नौदल अधिकारी) बसलेत, त्यामुळे हे धंदे चालतात. 11 मार्च 1960 ला मुंबई हायकोर्टाने त्यांना जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली. त्यावरून मोठा वाद झाला. अपील सुप्रीम कोर्टापुढे असताना राज्यपालांना असं करता येत नाही, असं कोर्टाने सांगितलं. पुढे 1964 मध्ये विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना नानावटींना माफी मिळाली. तुम्ही सुप्रीम कोर्टात गेला होतात का, हे कळवलं नाहीत. तिथे काही प्रलंबित असेल तर ते आधी बघा.

आता दिवस मोजू. मृत्युदंडाचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर सरकारला 14 वर्षं प्रत्यक्ष जेलमध्ये काढल्याशिवाय सोडता येत नाही. जुन्या सीआरपीसीचं कलम 433-अ, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 475. कच्च्या कैदेचे (शिक्षा होण्याआधीचे) दिवस यात धरले जातात, चांगल्या वागणुकीबद्दल जेलने दिलेली सूट धरत नाहीत. पॅरोलही वजा होतो, तसं सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सांगितलंय. म्हणजे तुमचे 13 वर्षं 8 महिने प्रत्यक्षात 13 वर्षं 7 महिने आहेत. कलम 161 ला ही 14 वर्षांची अट लागत नाही, त्यामुळे आजही अर्ज करता येतो. पण मी पाच महिने थांबून कागद जमवेन. अपुऱ्या दिवसांवर नकार आला की तो फाइलला चिकटतो. (14 वर्षं झाली की आपोआप सुटका, हाही गैरसमजच. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे गांधीहत्येतले कैदी गोपाळ गोडसे यांच्या खटल्यात 1961 मध्येच ठरलंय.)

अर्ज भावाच्या सहीने, हिंडलगा जेलच्या अधीक्षकांमार्फत, कन्नड किंवा इंग्रजीत करा. शिक्षा झाली त्या दिवशीचं कर्नाटकचं शिक्षामाफीचं धोरण लागू होतं, नंतरचं जास्त सवलतीचं असेल तर ते. फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की, असं धोरण असलेल्या राज्याने अर्जाची वाट न बघता पात्र कैद्याचा विचार करायचा आणि नकार दिला तर कारण कळवायचं. शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मतही मागवलं जातं. तुम्ही ग्रामपंचायतीकडून एक दाखला घ्या की, भाऊ परत आला तर गावाची हरकत नाही आणि घरी शेत आहे, काम आहे. सुटल्यावर माणूस कुठे टेकणार, हे सरकार बघतंच. महिनोन्महिने उत्तर आलं नाही तर धारवाड खंडपीठात रिट (सरकारला आदेश द्या, असा अर्ज) करता येते. कोल्हापूरला आता सर्किट बेंच आलंय म्हणून तिकडे धावू नका, ते मुंबई हायकोर्टाचं आहे.

वकिलाचा खर्च करू नका. जेलमधला माणूस मोफत कायदेशीर मदतीला पात्र असतो. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

20 हजारांच्या व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि त्या गृहस्थांचे मेसेज पुसू नका. लाच देणाराही गुन्हेगार ठरू शकतो, म्हणून गप्प न बसता चंदगड पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. आणि पुढच्या भेटीला भावाला सांगा, पॅरोलवरून तो ज्या तारखेला परत हजर झाला ती नोंद जेलमधून लेखी मागून ठेव. दिवसांचा हिशोब तिथेच चुकतो.