पोळ्याचा बैल चालायला लागला, आता लेकीचं पुढे काय?

नमस्कार दादा,

लेक लातूरला बारावी सायन्सला, नीटची तयारी करतेय. पण सुट्टीत गावी आली आणि पोळ्याचा मातीचा बैल पाटावरून उठून चालू लागतो अशी चाळीस सेकंदांची स्टॉप मोशन फिल्म, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढून जोडलेली, तिनं मोबाइलवर केली. आता तिला हेच शिकायचंय. "हा पोरखेळ तर नाही ना?" असं तुम्ही औशाहून विचारलंत. फिल्म तीनदा पाहिली.

पोरखेळ अजिबात नाही. सेकंदाला १२ फोटो धरले तरी हे ४८० फोटो झाले, आणि दर फोटोला बैल केसभर हलवायचा. पाय टाकण्याआधी बैल मान खाली घालून अंगाचा भार पुढे घेतो, ते तिनं पकडलंय. गोठ्यात तासन् तास उभं राहिल्याशिवाय हे दिसत नाही. दादासाहेब फाळक्यांनीही पहिला चित्रपट काढण्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक फ्रेम घेऊन दाखवली होती.

चुका आहेत, त्या तिला सांगा. चित्र लुकलुकतंय, कारण खिडकीतलं ऊन सरकलं आणि मोबाइल दर फोटोला उजेड आपल्या मनानं ठरवत गेला. खिडकीला गोधडी टांगा, एकच एलईडी दिवा ठेवा, एक्स्पोजर (उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक करा. शेवटी बैलाच्या मागच्या पायाला तडा दिसतो. साधी माती वाळतेच. आत ॲल्युमिनियमची तार आणि वरून तेलकट क्ले घेतली की पाय हवा तसा वळतो.

आता पोटापाण्याचं. नुसत्या स्टॉप मोशनवर घर चालेल इतकं काम आपल्याकडे नाही. बहुतेक नोकऱ्या टूडी, थ्रीडी ॲनिमेशन आणि व्हीएफएक्समध्ये, म्हणजे चित्रपटातली संगणकावर केलेली दृश्यं. पण हालचालीचा ठेका आणि उजेडाची समज तिथंही लागते, आणि ती हातानं शिकलेल्याकडे पक्की असते.

अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, ॲनिमेशन फिल्म डिझाइन शिकवतात. बारावी कुठल्याही शाखेची चालते, प्रवेश तिथल्या डॅट या प्रवेश परीक्षेतून. आयआयटीच्या बी.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, यूसीड ही परीक्षा असते, ती जानेवारीत. नीट मे महिन्यात, त्यामुळे यंदा काहीच सोडायला नको. फी मात्र जड आहे, शिष्यवृत्तीची चौकशी आधीच करा. आणि तिला रोज अर्धा तास एसटी स्टँडवर बसून माणसांची चित्रं काढू द्या. या परीक्षांत चित्रकला बघतात.

एक राहिलं. तो बैल उंबऱ्यापाशी थांबतो आणि फिल्म संपते. पुढे तो कुठं जातो? तिला विचारून मला कळवा.